सातवा पॅटर्न, दोनदा

माझ्या मशीनमध्ये सोळा गाण्यांची जागा आहे. तेरा भरलेल्या, तीन रिकाम्या. चौदा, पंधरा आणि सोळा. या तीन जागा गेली सहा-सात वर्षं रिकाम्या आहेत, आणि त्या रिकाम्या आहेत हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. गेल्या महिन्यात माझ्या मुलीला ते कळलं. तिनं लिहायला सांगितलं म्हणून लिहितोय. एरवी लिहिलं नसतं.

मी बोलणारा माणूस नाही. रत्नागिरीत एका शाळेच्या ऑफिसात आयुष्यभर दाखले लिहिले. नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण. तिथं फार बोलावं लागत नाही. घरात बोलायचं काम बायकोकडे होतं. गायचंही.

आमचा कार्यक्रम असायचा. हळदीचा, पूजेचा, गणपतीत वाडीवाडीतून. सुरुवातीला पाच जण होतो. मी कीबोर्डवर, ती गायला, एक बेंजोवाला, एक ढोलकीवाला आणि त्याचा चुलतभाऊ खंजिरीला. मग बेंजोवाला मुंबईला गेला, खंजिरीवाला त्याच्या मागोमाग, आणि एका मे महिन्यात ढोलकीवालाही ढोलकी माझ्याकडे ठेवून वॉचमनच्या नोकरीला गेला. "वहिनी, गणपतीला येतो वाजवायला," म्हणाला. गणपतीला तो यायचा, पण हळदी काय गणपतीत असतात?

तेव्हा मी ते मशीन घेतलं. सिक्वेन्सर. ऑर्केस्ट्रातल्या एका माणसानं वापरून ठेवलेलं, पोळपाटाएवढं, वर सोळा रबरी बटणं आणि एक छोटी हिरवी पाटी. बायकोनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, "ह्याला जेवायला काय लागतं?"

"वीज."

"बरं आहे. ढोलकीवाल्याला चार वेळा चहा लागायचा."

हे मशीन कसं चालतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पॅटर्न म्हणजे ठेक्याचा एक तुकडा. लहानसा, दोन ओळी गाऊन होतील एवढाच. तो एकदा बोटांनी भरून ठेवला की मशीन तो हवा तितक्या वेळा वाजवतं. असे चौसष्ट तुकडे त्यात साठवता येतात. आणि गाणं म्हणजे नुसती यादी. तिसरा तुकडा चार वेळा, सातवा दोन वेळा, बारावा एकदा, मग पाचवा आठ वेळा. गाण्याच्या आत तुकडा नसतोच. तुकड्याचा नंबर असतो आणि त्यापुढे किती वेळा तो आकडा असतो. त्यामुळे दोनाचे तीन करायला मशीनमध्ये जास्तीची जागा लागत नाही. आधी दोन होते तिथं आता तीन, एवढंच. चार बटणं दाबायची.

बायकोला नंबर लक्षात राहायचे नाहीत. तिनं तुकड्यांना नावं दिली. तिसऱ्याला ती 'वाटण' म्हणायची, कारण तो पाट्यावर वाटल्यासारखा घसटत चालायचा. बाराव्यात मी चार ढोल उतरत्या सुरात बसवले होते, धाडधाडधाडधाड, त्याला तिनं 'पाखाडी' म्हटलं. तिच्या माहेरी, वेळणेश्वरच्या बाजूला, घरून खाली रस्त्यावर यायला चिऱ्यांच्या पायऱ्या आहेत, त्यांवरून लहानपणी ती अशीच धडधडत उतरायची म्हणे. आणि सातवा होता 'सडा', म्हणजे आमच्याकडचा डोंगरमाथ्यावरचा उघडा कातळ. त्यात जवळजवळ काहीच नव्हतं. तबल्याचा एक हलका ठोका आणि मध्ये बरीचशी शांतता. "सड्यावर कसं," ती म्हणाली, "कातळ नि वारा. दुसरं काय नाही. तिथं उभं राहून जरा दम खावा."

शब्द तिचेच आहेत. दम खावा. तेव्हा ती हसत म्हणाली होती.

एका दुरेघी वहीत तिनं सगळी गाणी लिहून ठेवली. पानावर गाण्याचा नंबर, मग ओळी, आणि ओळींच्या मधे मशीनचे तुकडे तिच्या नावांनी. वाटण चार, सडा दोन, पाखाडी. शिवाय पेन्सिलीनं बारीक टिंबं. कुठे श्वास घ्यायचा त्याची ती खूण. पहिल्या वर्षी एका ओळीला एक टिंब असायचं.

त्या पहिल्या वर्षी मशीन खरोखरच भरलं होतं. सोळाच्या सोळा जागा. एका हळदीवाल्यांनी नवंच गाणं मागितलं आणि कुठलं तरी पुसायला हवं होतं. मी तिला म्हटलं, "जागा नाही. एक काढावं लागेल." तिनं वही चाळली. चौदा नंबरला तिच्या आईचं एक गाणं होतं, पाळण्याचं. ते कुणी कधी मागत नसे, पण तीच मधे कधीतरी म्हणायची.

"माझं काढा," ती म्हणाली. "लोकांचं राहू दे."

मी काढलं. त्या दिवसापासून मशीनमध्ये जागा ही गोष्ट असते आणि ती संपते, हे तिला पटलं. पुढल्या वर्षी ते नवं गाणं चाललं नाही. आणखी दोनही पडली. मी तिन्ही पुसून टाकली. तिला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही, सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. तिच्या आईचं गाणं परत चौदा नंबरला बसवावं, हेही मनात आलं नाही.

आता नववं गाणं.

हळदीचं गाणं ते, आमचं सगळ्यात चालणारं. मुखडा झाला की सडा दोनदा, मग पाखाडी आणि धाडकन अंतरा. अंतरा वरच्या सुरात सुरू होतो आणि पहिली ओळ लांब आहे, मधे कुठे मोडता येत नाही. हा जोड मी बसवला होता. एकदा एका लग्नात नवऱ्या मुलाच्या बाजूनं मुंबईचे एक गृहस्थ आले होते, मोठ्या ऑर्केस्ट्रात काम केलेले. कार्यक्रम संपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तो अंतऱ्यात उडी मारता ना, तिथं मजा आली. नेमकं आहे. एक मात्रा जास्त नाही, एक कमी नाही."

एवढंच. पण इतक्या वर्षांत माझ्याजवळ येऊन कुणी काही बोललं असं ते एकदाच. बाकी सगळे तिच्याजवळ जायचे. "बाय माझी, काय गातेस गो!" म्हणून म्हाताऱ्या तिच्या तोंडावरून हात फिरवायच्या आणि मला म्हणायच्या, "तुम्ही काय, तिच्यासंगट पेटी उचलायला काय?" सगळे हसायचे, मीही हसायचो. पण घरी येऊन वायरी गुंडाळताना ते आठवायचं. त्या मुंबईच्या माणसाचं वाक्य मी त्यावर ठेवून द्यायचो, पोळलं की खोबरेल लावतात तसं.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, आम्ही घरी मागच्या खोलीत सराव करत होतो. नाचणे रस्त्याला आमचं घर आहे. ती मधेच थांबली. खुर्चीवर बसली आणि म्हणाली,

"अहो, नवव्यात एक सडा वाढवाल?"

"का?"

"पुरत नाही. अंतरा उचलायला दम राहत नाही."

मी मशीनकडे बघत होतो. म्हटलं, "ढिलं पडेल ते. उडीच जाईल."

"पडू दे की जरा. हळदच आहे, काय स्पर्धा आहे?"

आणि मग मी म्हटलं, "जागा नाही."

हे वाक्य तोंडातून इतक्या सहज गेलं की तेव्हा ते खोटं आहे असंही जाणवलं नाही. हिरव्या पाटीवर नववं गाणं उघडलेलं होतं, सातच्या पुढे दोन. त्या बटणांवरच माझं बोट होतं म्हटलं तरी चालेल. मी बोट उचललं.

"बरं," ती म्हणाली. "मग मीच कुठेतरी चोरीन."

गाणारी माणसं श्वास 'चोरतात'. एखाद्या शब्दाचं शेपूट सोडून देतात आणि तेवढ्यात हवा घेतात. त्यानंतर ती मुखड्याची शेवटची अक्षरं गिळायला लागली. मला ते ऐकू यायचं. मी तिला रागावायचो. "शब्द पुरा कर, लोक काय बहिरे आहेत?" ती "हो हो" म्हणायची. तिनं पुन्हा सडा मागितला नाही. एकदा मागितला, नाही म्हटलं, विषय संपला. ती तशीच होती, दुकानदारानं नाही म्हटलं तर घासाघीस न करणारी.

कोणाला वाटेल, मी तिचा नवरा, शेजारी बसून तिची धाप मला कशी दिसली नाही? दिसायची ना. पण मी पाटीकडे बघायचो. तिच्या तेराव्याला ढोलकीवाला मुंबईहून आला तेव्हा माझ्याजवळ बसून म्हणाला, "वहिनी श्वास घ्यायच्या ना, तेव्हा डावा खांदा थोडा वर यायचा. मी त्या खांद्यावर बघून ठेका धरायचो. कधी उशीर झाला तर एक फेरी जास्त घ्यायचो. तुम्हाला कळायचं पण नाय." खरंच, मला कधी कळलं नव्हतं. पंचवीस वर्षं संसार केला आणि तिचा कुठला खांदा वर येतो हे मला एका ढोलकीवाल्यानं सांगितलं.

पुढे तिच्या माहेरीच एक हळद होती. चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न. मांडवात सगळ्या तिच्या ओळखीच्या, लहानपणापासूनच्या बायका. नवव्याला सगळ्यांनी टाळ्या धरल्या. मुखडा झाला. सडा एक, सडा दोन, पाखाडी, धाड. आणि ती आलीच नाही. मशीन अंतऱ्यात शिरलं, पाचवा पॅटर्न एकदा गेला, दुसऱ्यांदा गेला, आणि ती माईक छातीशी धरून नुसती उभी.

मशीनवर एक बटण आहे. ते दाबून ठेवलं की चालू तुकडाच फिरत राहतो, यादी पुढे सरकत नाही. वाट बघण्यासाठीच केलेलं बटण ते. मला ते माहीत होतं. मी ते दाबलं नाही. मी तिच्याकडे मान वळवून डोळे वटारले.

पहिल्या रांगेतून तिची काकी ओरडली, "काय गो बाय, घसा बसला की काय?"

"घसा नाय गो काकी," ती माईकवरच म्हणाली, आणि तेवढ्यासाठीही तिला दोनदा थांबावं लागलं, "हे मशीन मोठ्या घरचं हाय. कुणासाठी थांबत नाय."

मांडव हसून लोटपोट झाला. कुणीतरी म्हणालं, "मग घोवाला सांग की, कानफटात दे त्याच्या!" आणखी हसले. तिनं मला नजरेनंच खूण केली, पुन्हा पहिल्यापासून. मी पहिल्यापासून लावलं. त्या वेळी ती बरोबर आली. तिनं मुखड्याची पूर्ण शेवटची ओळच सोडून दिली होती, ती बायकांनी म्हटली.

परत येताना गाडीत मी तिच्याशी बोललो नाही. मला वाटत होतं, माझी नाचक्की झाली.

तिला डॉक्टरांकडे नेलं ते त्यानंतर वर्षाहून जास्त काळानं. दिवाळी होऊन गेली होती, डिसेंबर असेल. चार पायऱ्या चढली तरी बसायची. रात्री उशा रचून टेकून झोपायची. रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला. विचारलं, लहानपणी कधी सांधे सुजले होते का, ताप येऊन? ती म्हणाली, हो, सातवीत असताना, महिनाभर शाळा बुडाली होती. मग त्यांनी विचारलं,

"धाप कधीपासून लागते?"

ती बोलायच्या आधी मी म्हटलं, "दोन महिने झाले असतील."

तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "हो. दिवाळीच्या आसपास सुरू झालं."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. बाहेर बाकावर बसलो तेव्हा मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "उगाच तुम्हाला ओरडले असते."

कोल्हापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांना तपासण्या बघून कळलंच असणार की हे दोन महिन्यांचं नव्हे. हृदयाची झडप फार आवळली होती. लवकर आली असती तर नसेतून फुगा घालून ती उघडता येते, म्हणाले, आता छाती उघडायला हवी. उघडली. चौथ्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी केलं त्यात काही कमी पडलं नाही. कमी पडलं ते माझ्या खोलीत, एका रविवारी सकाळी.

दोन महिने म्हणालो, त्यानं उपचारात फरक पडला नसेल. पण शब्द एकदा कागदावर गेला की तो कुणाच्या तरी अंगावर पडतोच.

आमची मुलगी तेव्हा कोल्हापुरात नर्सिंगला होती. ती दिवाळीला घरी आली होती. आई बाजारातून येताना पायऱ्यांवर थांबली तेव्हा ही वरून म्हणाली होती, "काय आई, म्हातारी झालीस! वजन कमी कर जरा." आई हसली होती. आणि फाईलवर लिहिलेलं होतं, धाप, दोन महिने. म्हणजे दिवाळी. म्हणजे दुखण्याची सुरुवात तिच्या डोळ्यांदेखत झाली, ती नर्सिंग शिकणारी मुलगी, आणि तिनं थट्टा केली. हा हिशेब तिनं मनात मांडला. दिवसकार्य झाल्यावर मला म्हणाली, "बाबा, मला कळायला हवं होतं. दुसरं कुणी नाही, मला."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "असं मनाला लावून घेऊ नये."

बस. तीन वर्षं मी एवढंच म्हणत आलो. ती दर दिवाळीला घरी यायचं टाळायची, ड्यूटी आहे सांगायची. मला माहीत होतं का टाळते. ती माझं ओझं डोक्यावर घेऊन चालत होती आणि मी मागून सांगत होतो, सावकाश जा.

या वर्षी गणपतीला ती आली. विसर्जन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाली, "बाबा, ते मशीन चालतं का अजून?"

"चालत असेल."

"आईची गाणी मला फोनवर घ्यायची आहेत. नुसता ठेका असला तरी चालेल. मी वर म्हणीन. वॉर्डात एक आजी आहेत, रोज म्हणतात, गाणं म्हण गो पोरी."

मी मशीन माळ्यावरून काढलं, पुसलं, जोडलं. वही कपाटात होती, तीही दिली. ती जमिनीवर मांडी घालून बसली, मांडीवर वही, पुढे मशीन. मी तिला दाखवलं, हे बटण दाबलं की गाण्यांचे नंबर पुढे सरकतात. ती एकेक लावून रेकॉर्ड करत होती. मधेच वहीतली नावं वाचून हसायची. "वाटण! बाबा, हे वाटणच आहे हो अगदी." मला बरं वाटत होतं. मी खिडकीशी बसून नारळ सोलत होतो.

मग ती एकेका पानावर थांबायला लागली. वहीची पानं मागे पुढे करत होती.

"बाबा, ही टिंबं कसली?"

"श्वासाची. कुठे घ्यायचा ते."

"इथं ओळीला एक आहे. इथं दोन. ह्या पानावर तीन आहेत." तिनं पान उजेडाकडे धरलं. आवाज बदलला होता, वॉर्डात बोलत असेल तसा. "ही गाणी ओळीनं लिहिलेली आहेत ना? म्हणजे हे पान सगळ्यात जुनं?"

मी म्हटलं, "हो. पण टिंबं ती मागाहूनही देत असे."

ती नवव्या गाण्यावर आली. मला माहीत होतं तिथं काय आहे. तीन वर्षांत ते पान मी फाडू शकलो असतो. समासात पेन्सिलीनं, बायकोच्या तिरक्या अक्षरात, एक ओळ आहे. मुलीनं ती मोठ्यानं वाचली.

"'इथे सडा ३ हवा. ह्यांना विचारलं. जागा नाही.'" खाली तारीख होती. आई तिच्या सगळ्या नोंदींखाली तारीख घालायची, दुधाच्या असोत नाहीतर गाण्याच्या. मुलीनं तारीख दोनदा वाचली. बोटांवर मोजलं.

मग तिनं मशीनवरचं बटण दाबत नंबर पुढे नेले. दहा, अकरा, बारा, तेरा. चौदा. पाटीवर आलं, एम्प्टी. पंधरा. एम्प्टी. सोळा.

"बाबा, जागा नाही म्हणजे काय? इथं तीन रिकाम्या आहेत."

उत्तर तयार होतं. खरंच, जिभेवर होतं. तेव्हा भरलेलं होतं गं, नंतर मी पुसलं. एवढं म्हटलं असतं की संपलं असतं. तिला मशीनमधलं काही कळत नाही, तिच्या आईला कळत नव्हतं तसंच. मी कोयता खाली ठेवला.

"तेव्हाही रिकाम्याच होत्या," मी म्हटलं. "आणि त्याला जागा लागतही नाही."

मग सगळं सांगितलं. मुंबईच्या माणसाचं, जोडाचं, काकीच्या मांडवातलं, डोळे वटारल्याचं. दवाखान्यातलं. ती नववं गाणं परत उघडून पाटीकडे बघत होती. मी थांबल्यावर म्हणाली,

"दोन महिने तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"आई नाही?"

"ती फक्त हो म्हणाली."

"दिवाळीपासून, असं."

"हो."

ती रडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तरी मला चाललं असतं. तिनं विचारलं, "दोनाचे तीन करायला किती बटणं लागतात?"

"चार."

"दाखवा."

मी दाखवली. हात तिनं लावू दिला नाही, नुसतं बोट दाखवायला सांगितलं आणि बटणं स्वतः दाबली. सातच्या पुढे तीन आले. तिनं पहिल्यापासून लावलं. मुखडा गेला. सडा एक, सडा दोन. तिसऱ्या सड्याला ती मान खाली घालून बसली होती. तबल्याचा तो हलका ठोका आणि मधली शांतता, आणि त्या शांततेत मला माझ्या मुलीचा श्वास आत जाताना ऐकू आला. पुरा, भरपूर. मग पाखाडी. अंतरा आला तेव्हा ती गायली नाही, पण गायचं असतं तर तिला वेळ होता.

ते काही ढिलं पडलं नव्हतं. हेही सांगून टाकतो. उडी होती तशीच होती, उलट जास्त चांगली वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती गेली. मी स्टँडवर पोचवायला गेलो होतो. खिडकीतून म्हणाली, "तीन वर्षं, बाबा. मी पायऱ्या चढताना प्रत्येक वेळी..." गाडी सुरू झाल्यावर म्हणाली, "मी फोन करीन. लगेच नाही करणार." आणि मग, कंडक्टरनं दार ओढलं तेव्हा, जरा मोठ्यानं, "आमच्याकडे पेशंटची हिस्ट्री चुकीची असली तर परत लिहितात. तुम्ही लिहा. खरी."

घरी येऊन मशीन लावलं. नववं गाणं उघडलं. सातच्या पुढे दोन. बदल केल्यावर साठवायचं वेगळं बटण असतं. ते मी दाखवलं नव्हतं, आणि तिनं विचारलं नव्हतं. बंद केलं की मशीन विसरतं आणि जुनं पुढं करतं.

त्याला आता महिना होत आला. फोन आलेला नाही. मी दोनाचे तीन केले आणि साठवले, पण ते कुणासाठी हे मला सांगता येत नाही. चौदा नंबरला बायकोच्या आईचं पाळण्याचं गाणं बसवायचा प्रयत्न केला. ठेका आठवतो, चाल अर्धीच आठवते. शब्द तर वहीतून तिनंच खोडलेले आहेत, एकही अक्षर वाचता येऊ नये असे गिरवून, जागा झाली म्हणून. त्यामुळे चौदा रिकामीच आहे.

मुलीनं सांगितलं तसं खरं लिहितो, ती वाचील तेव्हा तिला बाकीचं वाचावं लागू नये म्हणून शेवटी आणि थोडक्यात. धाप दिवाळीला सुरू झाली नाही. तू पायऱ्यांवर थट्टा केलीस त्याच्या दोन वर्षं आधी सुरू झाली. पहिली तक्रार रुग्णानं स्वतः केली, रविवारी सकाळी, मागच्या खोलीत, शुद्धीत आणि स्पष्ट शब्दांत. ती मला केली. मी ऐकली होती.